"अजून दोन वर्षं थांबा" हे किती वर्षं ऐकायचं? पायरेट्सच्या न संपणाऱ्या संघबांधणीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिट्सबर्गजवळ राहणारे एक गृहस्थ आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा २०१९ पासून पायरेट्सचे, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाचे, सामने पाहतात. ते लिहितात, "दर वर्षी एकच ऐकतो, पोरं तयार होताहेत, अजून दोन वर्षं थांबा. यंदा सप्टेंबरात मुलाने टोपी कपाटात टाकली आणि म्हणाला, बाबा, आपण डॉजर्सचे होऊ या का? संघ नव्याने बांधायला खरंच एवढी वर्षं लागतात का? त्याला काय सांगू? आणि पुढच्या मोसमाची तिकिटं काढू की नको?"

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचताना मी त्या टोपीपाशी थांबलो. माझ्या घरातली अशीच एक टोपी २०१० साली कपाटात गेली होती, माझ्या मुलीची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा जळगावचा. शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, कॅचर होतो. १९९७ मध्ये नोकरीसाठी पिट्सबर्गला आलो आणि गेली १६ वर्षं इथल्या १२ ते १५ वयाच्या मुलांना बेसबॉल शिकवतो. पायरेट्सशी माझा कामाचा काही संबंध नाही, तिथे मी तिकीट काढून बसणारा प्रेक्षक आहे. पण एखादा मुलगा खेळाडू म्हणून कसा घडतो आणि कुठे अडकतो, हे मी उन्हाळाभर रोज संध्याकाळी बघतो. खाली जे लिहितोय ते त्या मैदानावरून दिसलेलं आहे.

तुम्ही "किती वर्षं" असं विचारलंय. मला मात्र तुमच्या प्रश्नात दुसरंच दुखणं दिसतं. हरणं सोसण्याची तुमची तयारी होती, म्हणून तर सहा वर्षं टिकलात. आपण धीर धरतोय की आपल्याला नुसतं झुलवत ठेवलंय, हे ओळखता येत नाही, याचा हा त्रास आहे. ते ओळखता येतं. त्यासाठी कॅलेंडर सोडून दुसरीकडे बघावं लागतं.

आधी थोडं या व्यवहाराबद्दल, कारण आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं आणि आयपीएलचं गणित डोक्यात ठेवून इथला खेळ बघतो. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात दहाही संघांना १२० कोटी रुपयांची एकच मर्यादा होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे पायरेट्स खेळतात त्या लीगमध्ये, पगाराला अशी मर्यादाच नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर कर भरा आणि खुशाल खर्च करा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओतानीला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले ते याच व्यवस्थेत. २०२५ मध्ये त्यांचा पगाराचा खर्च ३० कोटी डॉलरच्या वर होता आणि पायरेट्सचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

मग लहान शहराच्या संघाने जगायचं कसं? त्याच्या हातात एकच हुकमाचं पान असतं: खेळाडूची पहिली सहा वर्षं. मेजर लीगमध्ये आल्यापासून साधारण सहा वर्षं खेळाडू त्याच संघाचा असतो. त्यातली पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन लवादाने ठरेल त्या पगारावर, आणि त्यानंतर तो मोकळा. म्हणून लहान संघ महागात जाऊ लागलेले खेळाडू दुसऱ्यांना देतो, बदल्यात विशीतली पोरं घेतो, दोन-तीन वर्षं मार खातो, तळाला राहिल्यामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा नंबर मिळवतो, आणि ही सगळी पोरं एकदम वयात आली की चार-पाच वर्षं जिंकायचा प्रयत्न करतो. रीबिल्ड म्हणतात ते हेच. मार्ग अप्रामाणिक नाही, आणि काही संघांनी तो नीट चालून दाखवलाय.

शिकागो कब्ज २०१२ मध्ये १०१ सामने हरले, २०१५ मध्ये ९७ जिंकले आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांनी विजेते झाले. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं शंभराच्या वर हरले आणि २०१५ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांत, होते. (त्यांच्या २०१७ च्या विजेतेपदाला प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला तो लागलाच, पण संघ उभा राहिला होता यात शंका नाही.) बाल्टिमोर २०१८ मध्ये ११५ सामने हरले, २०२१ मध्ये ११०, आणि २०२३ मध्ये १०१ जिंकले. म्हणजे नीट चाललेल्या संघबांधणीत चौथ्या-पाचव्या वर्षी निकालात काहीतरी दिसायला लागतं. तेही कायम टिकेलच असं नाही, बाल्टिमोरच २०२५ मध्ये पुन्हा ७५ विजयांवर आले. पण दिसतं.

आता आपला हिशेब. आत्ताचे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन २०१९ च्या नोव्हेंबरात आले. २०२० च्या छोट्या मोसमात १९ विजय, ४१ पराभव. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. २०२३ मध्ये ७६ विजय, २०२४ मध्ये पुन्हा बरोब्बर ७६, आणि २०२५ मध्ये ७१. सहा मोसम, आणि एकदाही जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त नाहीत. चौथ्या-पाचव्या वर्षी चढ दिसला, तो ७६ वर अडला आणि सहाव्या वर्षी उतार लागला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर नाही, एवढी वर्षं लागत नाहीत. तुमचा वैताग रास्त आहे आणि मुलाचाही.

पण हे गाडं अडलं कुठे? लोक एका शब्दात मालकाचं नाव घेतात. एप्रिल २०२५ मध्ये मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला बॉब नटिंग यांनी संघ विकावा अशी मागणी करणारा फलक विमानाला बांधून मैदानावरून फिरवला, ते तुम्ही पाहिलं असेल. पैशाकडे मी येतोच. पण पैशाच्या आधी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि ती मला माझ्या मैदानावरून स्पष्ट दिसते. या संघाला पिचर (चेंडू टाकणारे) घडवता येतात, हिटर (चेंडू मारणारे) घडवता येत नाहीत.

पॉल स्कीन्सचंच बघा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, मे २०२४ मध्ये पदार्पण, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, तोही एकमताने. २०२५ मध्ये त्याची धावांची सरासरी १.९७ होती, म्हणजे नऊ इनिंगमागे दोनसुद्धा धावा नाहीत. आणि त्याच्या नावावर विजय किती? १० विजय आणि १० पराभव. तुमच्या मुलाला या संघाबद्दल एकच आकडा समजावून सांगायचा असेल तर हा सांगा. जगातल्या सर्वोत्तम पिचरने जवळजवळ काही दिलं नाही, तरी त्याच्या नावावर जितके विजय तितकेच पराभव लागले, कारण त्याच्या मागच्या संघाला धावा करता येत नव्हत्या. २०२५ मध्ये पायरेट्सच्या १६२ सामन्यांत ५८३ धावा झाल्या, ३० संघांत सगळ्यांत कमी. होमरनही (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) सगळ्यांत कमी, ११७.

असं का होतं ते सांगतो. पिचरचं काम त्याच्या हातात असतं. चेंडू कसा धरायचा, मनगट किती वळवायचं, पाय कुठे टाकायचा, हे तो ठरवतो आणि समोर कुणी नसलं तरी सराव करता येतो. वेगवान कॅमेरे लावा, चेंडूचे फेरे मोजा, हिवाळाभर काम करा, मार्चमध्ये फरक दिसतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलांतसुद्धा दिसतो. हिटरचं तसं नाही. ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात हिटरसमोरच्या प्लेटवर पोहोचतो. मारायचं की सोडायचं हे त्याच्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं, आणि समोरचा माणूस तुम्हाला फसवायलाच उभा असतो. हिटर घडवणं म्हणजे डोळा घडवणं, आणि त्याला यंत्र पुरत नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, अंगाने दणकट. सरावाच्या जाळीत, केजमध्ये, यंत्राच्या चेंडूवर असा मारायचा की बाकीची मुलं हातातलं काम सोडून बघत राहायची. सामन्यात मात्र सगळे चेंडू जमिनीलगत घसटत जाणारे, शॉर्टस्टॉपच्या हातात. सगळे म्हणत होते बॅट फिरवण्याची पद्धत बदला. मी दोन आठवडे प्लेटच्या मागे उकिडवा बसून फक्त त्याचा पुढचा पाय बघितला. पिचरच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच त्याचा पाय जमिनीवर टेकलेला असायचा. अंगातला सगळा जोर तिथेच संपायचा आणि पुढे उरायचे नुसते हात. यंत्राची लय ठरलेली, म्हणून तिथे हा दोष झाकला जायचा. पाय उशिरा टेकवायला शिकवलं तर पहिले दोन महिने त्याला चेंडू लागेचना. स्ट्राइकआउट, म्हणजे तीनदा चुकून बाद होणं, वाढलं, बाप चिडला, मुलगा रडला. मी फक्त एकच गोष्ट वहीत लिहीत होतो: वाईट चेंडू किती वेळा सोडला. तो आकडा हळूहळू वर सरकत होता. पुढच्या मे महिन्यात त्याचे चेंडू आउटफिल्डरच्या डोक्यावरून जायला लागले. एका पायाच्या दुरुस्तीला वर्ष गेलं. त्या वर्षभरात माझ्या संघाचा स्कोअरबोर्ड बघणाऱ्याला काहीच सुधारणा दिसली नसती. वही बघणाऱ्याला दिसली असती.

मोठ्या संघाचंही हेच आहे. हरणाऱ्या वर्षांत निकाल बघून काही कळत नाही, पोरांची वही बघावी लागते. तरुण हिटर मेजर लीगमध्ये आल्यावर दुसऱ्या वर्षी जास्त चेंडू सोडतोय का, स्ट्राइकआउट कमी होताहेत का, चेंडू जोरात लागतोय का? पायरेट्सची वही इथे कोरी आहे. कीब्रायन हेजला २०२२ मध्ये ८ वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा करार दिला. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा क्षेत्ररक्षक शोधून सापडणार नाही, पण बॅट कधी तापलीच नाही आणि जुलै २०२५ मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं. हेन्री डेव्हिस २०२१ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, म्हणजे त्या वर्षी देशातल्या कुणालाही निवडायची मुभा होती. अजून त्याची बॅट स्थिर नाही. इथे एक बारीक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डेव्हिसला ठरलेल्या रकमेपेक्षा कमी बोनस देऊन वाचलेल्या पैशांत त्यांनी बबा चँडलरसारखी पोरं मिळवली, आणि चँडलर ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये आला. निवड करणाऱ्यांना अक्कल नाही असं म्हणता येत नाही. पण बघा, त्यातूनही हाताला लागला तो पिचरच.

आमच्या जळगावच्या केळीवाल्याला हे लगेच समजेल. रोप कितीही उत्तम प्रतीचं आणलं तरी पाणी आणि खत वेळेवर नसेल तर घड बारीकच येणार. दर वर्षी नवं रोप आणून तो प्रश्न सुटत नाही.

आणि इथे रोपं बदलणं काही थांबत नाही. जो मसग्रोव्हला जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोला दिलं. तीन महिन्यांच्या आत त्याने तिथे नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता अख्खा सामना, टाकला, त्या संघाच्या इतिहासातला पहिला. त्याच्या बदल्यात आपल्याकडे आलेल्यांत डेव्हिड बेडनार होता, पिट्सबर्गच्या उत्तरेला मार्स गावाजवळ वाढलेला, घरचा मुलगा. तो उत्तम क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून सामना मिटवणारा पिचर, झाला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. जुलै २०२५ मध्ये त्यालाही न्यूयॉर्कला पाठवलं, पुन्हा पोरांच्या बदल्यात. विकलेल्याच्या बदल्यात आलेल्यालाही विकलं की चाहत्याच्या मनात जे होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याला वाटतं घर कधी बांधून होणारच नाही, फक्त विटा इकडच्या तिकडे होणार.

आता पैसा. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एका पेटीत जातो आणि ३० संघांत सारखा वाटला जातो. लहान शहरांना त्यातून निव्वळ लाभ होतो. तो पैसा संघ सुधारायला वापरावा असा नियम आहे. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार नोंदवली, त्यांत पायरेट्स होते. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये ८ वर्षांचा १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार मिळाला, आणि या संघाच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात दहा कोटींच्या वर गेलेला तो पहिलाच करार होता. लहान शहर आहे हे कारण मी अर्धंच मानतो, कारण मिलवॉकी शेजारी आहे. आपल्याच गटातला संघ, आपल्याहून लहान बाजारपेठ. तेही जॉश हेडर, कॉर्बिन बर्न्स, डेव्हिन विल्यम्स असे मोठे मोहरे दुसऱ्यांना देतात. पण बदल्यात आलेल्या पोरांना ते पहिल्याच वर्षी कामाला लावतात, आणि संघ कधी पूर्ण मोडून टाकत नाहीत. २०१८ ते २०२५ या आठ वर्षांत ते सात वेळा प्लेऑफमध्ये गेले, आणि २०२५ मध्ये ९७ विजयांसह अख्ख्या लीगमध्ये पहिले होते. त्यांच्याकडे बघितलं की आपल्याकडे पैसा आणि शिकवण दोन्हींत कमी आहे हे दिसतं.

एक उदाहरण मात्र आपल्याच गावातलं आहे आणि ते तुमच्या मुलाला माहीत नसेल. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत एवढा मोठा हरण्याचा काळ दुसऱ्या कुठल्या संघाचा नाही. मी आलो तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. माझ्या मुलीने टोपी टाकली ते अठरावं. आणि १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री ती आणि मी पीएनसी पार्कमध्ये, पायरेट्सच्या घरच्या मैदानात, डाव्या बाजूच्या वरच्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांनी काळे कपडे घातलेले, चाळीस हजारांवर माणसं. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, होता आणि सगळं मैदान त्याचं नाव लांबवून, एका सुरात ओरडत होतं, "क्वे... टो..." त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. नुसता पडला, माउंडवरून घरंगळला. आवाज दुप्पट झाला. त्याने चेंडू उचलला, पुढचा पिच टाकला आणि रसेल मार्टिनने तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. माझ्या शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ बसले होते, संध्याकाळभर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी माझ्या मुलीला उचलूनच घेतलं. आम्ही ६-२ असे जिंकलो.

तो संघ कसा जमला होता हे नीट बघा, कारण संघबांधणी कधी संपते याचं उत्तर त्यात आहे. अँड्र्यू मॅककचन, पेद्रो अल्वारेझ, गेरिट कोल ही ड्राफ्टमधली घरची पोरं होती. पण नुसत्या त्यांच्यावर जमलं नसतं. पोरं वयात येताहेत हे दिसल्याबरोबर त्यांच्याभोवती अनुभवी माणसं आणून उभी केली. ए. जे. बर्नेट यँकीजकडून आला, मार्टिनला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरला घेतलं, फ्रान्सिस्को लिरियानो आला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये मोसम ऐन रंगात असताना मार्लन बर्ड आणि जस्टिन मॉर्नो. यातली एकही खरेदी डॉजर्सच्या तोडीची नव्हती. लहान शहराला परवडणाऱ्याच होत्या, फक्त वेळेवर केल्या होत्या. संघबांधणी आपोआप संपत नाही. कुणीतरी एका हिवाळ्यात ठरवावं लागतं की आता पेरणी पुरे, आता विकत घ्यायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये २० विजय आणि ८ पराभव अशी सुरुवात झाली होती, तेव्हा हा निर्णय झाला नाही. २०२४ मध्ये जुलैअखेर संघ शर्यतीत होता, तेव्हाही पुरेसं काही आणलं नाही आणि ऑगस्टमध्ये सलग १० सामने गेले. माझ्या मते सहा वर्षांतली खरी चूक हीच, १०१ पराभव ही नव्हे.

काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात, त्याही सांगतो. जॅरेड जोन्ससारखा पिचर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खं २०२५ बाहेर बसला. खेळाडू आणि मालकांचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. त्यात पगाराला मर्यादा आली तर लहान शहरांचं गणितच बदलेल, आणि बोलणी फिसकटली तर खेळ थांबूही शकतो. हरून वरचा नंबर मिळवणंही आता पूर्वीसारखं हमखास राहिलं नाही, कारण २०२३ च्या ड्राफ्टपासून सोडत काढतात आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या नंबरची संधी प्रत्येकी १६.५ टक्केच असते. पहिल्या सोडतीत आपलं नशीब उघडलं आणि स्कीन्स मिळाला. दर वेळी उघडेल असं नाही.

म्हणून या हिवाळ्यात मी बघणार आहे ते असं. मेजर लीगमध्ये धावा करून दाखवलेले निदान दोन हिटर हे लोक आणतात का? कॉनर ग्रिफिन, २०२४ च्या ड्राफ्टमधला नववा, त्याने २०२५ मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या संघांच्या, तीन पायऱ्या एका वर्षात चढताना २१ होमरन मारले आणि ६५ बेस चोरले. तो तयार झाला की लगेच वर आणतात, की त्याच्यावरचा हक्क एक वर्ष वाढवायला खाली डांबून ठेवतात? आणि स्कीन्स २०२९ च्या मोसमानंतर मोकळा होतो. त्याच्याशी लांबच्या कराराची गोष्ट निघते की आतापासून त्याला विकायच्या वावड्या उठतात? यातल्या पहिल्याचं उत्तर मार्चपर्यंत मिळेल. ते "नाही" आलं तर आपल्याला झुलवत ठेवलंय असं मी खुशाल म्हणेन, आणि तुम्हीही म्हणा.

तिकिटांचं. मोसमभराचा पास यंदा काढू नका. रागापोटी सांगत नाही. आधीच पैसे भरलेल्या माणसाला मार्चमध्ये काही म्हणता येत नाही, म्हणून सांगतो. सुटे सामने बघा. स्कीन्स कधी टाकणार हे चार-पाच दिवस आधी कळतं, त्याचे दोन-तीन सामने नक्की बघा, कारण असा पिचर एका पिढीत एखाद्या गावाला मिळतो आणि तो आपल्या गावात आहे हे विसरू नये. उजव्या बाजूच्या भिंतीजवळ मुलाला उभं करा आणि ती २१ फूट उंच का आहे ते सांगा. पायरेट्सचा दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटे, त्याचा नंबर २१. बरोबर ३००० हिट. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळलं. एप्रिल २०२५ मध्ये त्या भिंतीवरच्या त्याच्या खुणेच्या जागी जाहिरात लावली, तेव्हा गाव पेटून उठलं आणि संघाला खूण परत लावावी लागली. मुलाला हेही सांगा. संघ मालकाचा असला तरी गावाचं त्याच्यावर काही चालतं, हे गावाने एकदा दाखवून दिलंय.

डॉजर्सचं म्हणाल तर त्याला बघू द्या. बारा वर्षांच्या मुलाने ओतानीचा खेळ आवडीने बघावा यात गैर काय? निष्ठेवर व्याख्यान मात्र देऊ नका. मी २०१० मध्ये मुलीला दिलं होतं, बराच वेळ दिलं होतं. तिने मुकाट्याने ऐकलं आणि नंतर दोन वर्षं माझ्याबरोबर सामन्याला आली नाही. ती परत आली ती माझ्या बोलण्याने नव्हे, एका वहीमुळे. मी तिला एक तरुण हिटर निवडायला सांगितलं आणि दर आठवड्याला दोनच गोष्टी लिहायला लावल्या: किती वेळा स्ट्राइकआउट झाला आणि किती वेळा वाईट चेंडू सोडून वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, मिळवला. संघ हरला तरी तिच्या माणसाचा आठवडा चांगला जायचा. हरणाऱ्या संघातही तिला बघायला काहीतरी होतं.

तुम्हीही हेच करा, आणि सुरुवात पीएनसी पार्कपासून न करता अल्टूनापासून करा. पायरेट्सचा डबल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, तिथे खेळतो, ग्रिफिनने २०२५ चा शेवट तिथेच केला. बावीस नंबरच्या रस्त्याने एबन्सबर्गवरून गेलात तर दोन तासांच्या आत पोहोचाल. तिकीट स्वस्त, आणि खेळाडू इतक्या जवळ की पाय कधी टेकतो तेही दिसतं. उजव्या आउटफिल्डच्या मागे लाकडी रोलर कोस्टर आहे, म्हणून जागा तिसऱ्या बेसच्या बाजूची घ्या, समोर दिसेल. तासभर आधी जा, सराव चालू असतो आणि पोरं कुंपणापाशी येऊन बोलतात. मुलाला टोपी घालायचा आग्रह करू नका. वही आणि पेन्सिल मात्र बरोबर न्या, आणि कुणाचं नाव वर लिहायचं ते त्यालाच ठरवू द्या.